डार्सीची दुर्बीण

“ही बघ पोरी,” दुकानदार ऑर्विल म्हणाला. “आठ पटीची आहे. दहा पटीची लहान हातात थरथरते, मग समोरचं सगळं नाचायला लागतं.”

डार्सीनं दुर्बीण डोळ्यांना लावली आणि काचेतून रस्त्यापलीकडे पाहिलं. “बाबा, न्हाव्याच्या मिशासुद्धा दिसतात!”

“मार मग,” अर्ल म्हणाला. “न्हाव्याला परवाना लागत नाही.”

अर्ल तिचा काका. पण ‘काका म्हणालीस तर म्हातारा होईन’ असं सांगून त्यानं तिला लहानपणापासून नावानंच हाक मारायची सवय लावली होती. डार्सी बारा वर्षांची झाली, शिकारीची परीक्षा पास झाली, तिची उजळणीही त्यानंच घेतली होती. मोंटानातल्या त्या गावात मूल बारा वर्षांचं झालं की बाप त्याला डोंगरात नेतो, आणि त्याआधी ऑर्विलच्या दुकानात.

तिच्या बापानं, वेंडेलनं, खालच्या कप्प्यातली स्वस्त दुर्बीण उचलली. “ही द्या.”

“थंडीत धुरकटते ती,” ऑर्विल म्हणाला. “सकाळच्या गारठ्यात काय दिसणार पोरीला? दुसरीत मी थोडं कमी करतो, हवं तर.”

“शिकतीये अजून. पाडून फोडली तर?”

“वरचे मी घालतो,” अर्ल खिशात हात घालत म्हणाला.

“माझ्या पोरीचं मी बघतो.”

अर्लनं हात बाहेर काढला आणि डार्सीकडे बघून डोळा मिचकावला. भावांचं त्या वर्षी असंच चाललं होतं. बापाचं कुरण दोघांच्या नावावर होतं, अर्लला ते विकायचं होतं, वेंडेलला नाही. पण उन्हाळ्यानंतर तो विषय कुणी काढला नव्हता, आणि या वर्षी तिघांनी मिळून एल्कच्या शिकारीला जायचं हे वेंडेलनंच ठरवलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस तो डार्सीला कुंपणाशी घेऊन बसे. समोरची टेकडी डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्यानं कशी बघायची ते शिकवे. एरवी चटकन चिडणारा माणूस, पण इथे आवाज चढवत नसे.

“घोड्याएवढं हरीण असलं तरी एल्क अख्खं दिसत नाही कधी,” तो सांगे. “कान दिसेल, पाठीची रेघ दिसेल. दिसलं की एकच शब्द. तोही हळू. त्याचे कान तिखट असतात.”

शिकारीच्या सकाळी बर्फ भुरभुरत होतं. अर्ल कुडकुडत होता, तेव्हा वेंडेलनं आपला जाड तपकिरी कोट काढून त्याला दिला. शिकाऱ्याला शिकारी लांबून ओळखू यावा म्हणून घालतात त्या आपल्या नारिंगी जाकिटावरच अर्लनं तो चढवला.

“आईसारखा जपतोस की रे,” तो हसला. मग घळीला वळसा घालून कळप खाली हाकायला निघून गेला.

बापलेक पडलेल्या ओंडक्याआड पालथे झाले. वेंडेलनं बंदूक ओंडक्यावर टेकवली. डार्सी दुर्बिणीच्या काचा पुन्हापुन्हा बाहीनं पुसत राहिली. बऱ्याच वेळानं समोरच्या झाडोऱ्यात तपकिरी काहीतरी हललं. तिनं बोटानं चकती फिरवली, श्वास रोखला. तिचे ओठ हलले.

वेंडेलनं चाप ओढला.

शेरीफ आला तेव्हा डार्सीला बोलता येत नव्हतं. वेंडेलच बोलला. “अर्ल घळीपलीकडे असायला हवा होता. पोरगी ‘एल्क’ म्हणाली, मी बार टाकला. तिला काही बोलू नका साहेब. दुर्बीणच तसली, तिचा काय दोष?”

शेरीफनं दुर्बिणीतून पाहिलं. काचेवर वाफ धरली होती. त्यानं मान हलवली, डार्सीच्या खांद्याभोवती घोंगडी गुंडाळली. वेंडेलचा शिकारीचा परवाना रद्द झाला, दंड झाला, आणि प्रकरण मिटलं.

गावात मात्र मिटलं नाही. “डार्सी, मी कोण दिसतो?” शाळेत पोरं डोक्यावर बोटांची शिंगं धरून विचारत. “सांग लवकर, नाहीतर तुझा बाप मारेल!” ऑर्विल ती आठ पटीची दुर्बीण फुकट द्यायला घरी आला आणि दारातच रडला. डार्सीनं खोकं उघडलंसुद्धा नाही. अर्लच्या बायकोनं, लोइसनं, चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर तिला सांगितलं, “मी तुला माफ केलंय.” पण हातमोज्यातला हात पुढे केला नाही. वसंतात लोइसनं कुरणातला नवऱ्याचा वाटा दिराला देऊन टाकला आणि ती बहिणीकडे निघून गेली. जाताना डार्सीकडे वळूनही पाहिलं नाही.

त्या दिवशी लोइसला बसवर सोडून बापलेक ट्रकमधून परतत होते. दोन्ही बाजूंना कुरण हिरवं झालं होतं. डार्सी एकदम रडायला लागली.

“आता काय झालं?”

“माझ्यामुळे झालं सगळं.”

“दुर्बिणीमुळे. किती वेळा सांगू?”

“नाही बाबा. मला स्वच्छ दिसलं होतं.” तिला हुंदका आवरेना. “त्याची दाढी दिसली, तो हसत होता तेही दिसलं. मी ‘अर्ल’ म्हणाले. तू सांगितलं होतंस ना, हळू बोलायचं, म्हणून हळू म्हणाले. आणि तुला ‘एल्क’ ऐकू आलं. मी मोठ्यानं ओरडायला हवं होतं. मी का नाही ओरडले?”

वेंडेलनं ट्रक कडेला घेतला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्याला तिची दया आली. त्यानं आपल्या रुमालानं तिचं नाक पुसलं, गालावरचे केस मागे सारले.

“रडू नकोस,” तो म्हणाला. “मला ‘अर्ल’च ऐकू आलं होतं.”