जूनमधली ऊसतोड

यशोधरानं नजर तपासायचा तक्ता समोरच्या भिंतीला टेकवला. "मावशी, अक्षराचं तोंड कुठल्या बाजूला आहे? बोटानं दाखवा."

झुंबरबाईंनी बोट उचललं. ते भलतीकडेच, दाराकडे वळलं.

"उजव्यानं दिसत नसेल तर डाव्यानं बघा."

"डाव्यानंच बघती, बाई."

यशोधरा वाकली. डाव्या बुबुळावर सायीसारखा पांढरा थर चढला होता. कागदोपत्री हा डोळा चांगला होता.

दोन वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, साखर कारखान्यात रोजानं काम करताना झुंबरबाईंच्या उजव्या डोळ्यात चुना उडाला. नगरच्या एका दवाखान्यात तेव्हा सरकारी अनुदानावर संशोधन चालू होतं. चांगल्या बुबुळाच्या कडेवरून जिवंत पेशी काढायच्या आणि भाजलेल्या डोळ्यावर लावायच्या. डॉक्टर त्यांना मूळपेशी म्हणत. हे उपचार झालेल्या चाळीस जणांपैकी किती जणांना दिसू लागलं, हे घरोघर जाऊन नोंदवायला यशोधराला नेमलं होतं.

"पयल्यांदा लावलेलं धरलं न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हून पुन्यांदा ह्याच डोळ्यातनं काडलं. मंग ह्यो बी गेला."

"मग दवाखान्यात का नाही आलात?"

"चारदा आले की. सायेब म्हनले, तुमचं काम झालं, आता येऊ नका."

दुपारी यशोधरा दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टर भेळ खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. बोटांना लागलेली चटणी चाटली आणि टेबलावरच्या एका संमतीपत्राला हात पुसला. त्या कागदावर कुणाचा तरी निळा अंगठा होता.

"लिहा, ऊसतोडीला गेली. सापडली नाही."

"सर, ती घरात बसलीय. नेवाशाच्या अलीकडं."

"अठ्ठावीस जणांना दिसतंय. एका बाईपायी दिल्लीची पुढची मंजुरी घालवू?"

यशोधराला त्या माणसाच्या टेबलाशी उभं राहणंही नको झालं. तिनं रजिस्टर ओढलं आणि झुंबरबाईंच्या नावापुढे लिहिलं, 'घरी भेटल्या. उपचारानंतर दोन्ही डोळे गेले.'

डॉक्टर चिडले नाहीत. हसले. "याआधी अकरा वेळा मी सांगितलं ते मुकाट लिहिलंत. तेव्हा कुठं होता हा कळवळा?"

तिनं मागची पानं उलटली. अकरा नावांपुढे शेरा होता, 'ऊसतोडीला गेले. सापडले नाहीत.' अक्षर तिचंच होतं. तारखा गेल्या महिन्यातल्या, जूनच्या. तिचे आईवडील जन्मभर तोडीला गेले होते. जूनमध्ये कारखाने बंद असतात, माणसं आपापल्या घरी पेरणीच्या मागं असतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अकरा गावांची चिखलातली पायपीट वाचली, म्हणून तेव्हा तिला बरंच वाटलं होतं.

आता शिसारी आली ती स्वतःची.

ती खुर्ची ओढून बसली. पहिला शेरा खोडला. मग दुसरा. डॉक्टर उभे राहिले, "अहो, हे काय चालवलंय?" असं ओरडले. तिनं मान वर केली नाही. अकराही नावांपुढे एकच वाक्य लिहिलं आणि प्रत्येक ठिकाणी पूर्ण नावानिशी सही केली.

'मी शोधायला गेलेच नाही.'