पट्टीचं जाड टोक

ओन्झिमाने कानात कापसाचे बोळे कोंबले आणि मशीनगनमागे मांडी ठोकून बसला. त्यांच्या तुकडीत एक रीत होती. गन ज्याने तपासली, त्यानेच पहिल्या फैरीला चालवणाऱ्याच्या उजव्या खांद्याशी बसायचं. फुटली तर दोघांच्याही तोंडावर.

गन तपासणारी द्रिचिरू बसायला वाकली, तसा त्याने हात आडवा धरला.

"तू नको. पोर अंगावर पितंय तुझं. जा, पोत्यांमागं बस."

"रीत आहे, ओन्झिमा."

"असू दे. तुझ्या हाताखालून गेलेली गन उशाला घेऊन झोपेन मी. आणि माझ्या थोबाडात बिघडण्यासारखं उरलंय काय? विचार माझ्या बायकोला!"

मागचे शिपाई खो-खो हसले.

ती निघाली. रेतीच्या पोत्यांपर्यंत वीस पावलं. खिशातली पोलादी पट्टी छातीला टोचत होती. काल नळी पुसून तिने परत आवळली होती. पट्टी घालून नळीमागची फट मोजायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात बहीण बाळाला घेऊन फाटकाशी आली. ते रडलं आणि हिला पान्हा फुटला. पट्टी तशीच खिशात गेली. वहीत सही मात्र झाली.

पोत्यांमागे कप्तानाने, सगळ्यांच्या 'अफांदे'ने, सरकून तिला जागा दिली. शिट्टी ओठांना लावली.

"थांबा!" ती ओरडली. "अफांदे, थांबवा. मी मोजली नाहीये ती."

आता कुणी हसलं नाही.

काडतुसांचा पट्टा उतरला, गन रिकामी झाली. द्रिचिरूने गुडघे टेकले. पातळ टोक शिरायला हवं, जाड टोक अडायला हवं; जाड शिरलं तर फट जास्त, गन फुटणार. पातळ शिरलं. मग जाडही आत गेलं, अलगद.

ओन्झिमाने ते पाहिलं. एका कानातला बोळा काढला आणि चिमटीत नुसता दाबत राहिला.

तिने नळी एक खटका आवळली. पुन्हा मोजलं. जाड टोक अडलं.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला.

कप्तान मागे येऊन उभा राहिला होता.

"सोमवारी सीमेवर दोन गन गेल्या. त्या कुणी तपासल्या?"

"मीच, अफांदे."

"पट्टी घालून?"

"हो. दोन्ही."

हे खरं होतं. सोमवारचा दिवस तिला लख्ख आठवत होता. तिने ओन्झिमाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

कप्तानाने वायरलेसवर सीमेवरची चौकी लावली. पलीकडून कुणीतरी "बोला, बोला" म्हणू लागलं. "त्या दोन गन चालवायच्या का, तूच सांग त्यांना," कप्तान तिला म्हणाला. वायरलेस त्याने तिच्या तोंडासमोर धरला.