कोपऱ्यावरचा पहारा

"आमच्या आईला काळजी हा प्रकारच ठाऊक नव्हता," जनार्दनराव अभिमानाने म्हणाले. "हवं तर लिहून घ्या, प्राचीबेन."

समुपदेशक प्राची मराठीच होती. पण जन्म बडोद्यात काढलेल्या जनार्दनरावांच्या तोंडून परक्या स्त्रीसाठी 'बेन'च निघे. फतेगंजमधल्या तिच्या छोट्या खोलीत ते तिसऱ्यांदा आले होते.

इथवरचा रस्ता त्यांनी इंजिनिअरच्या शिस्तीने काटला होता. संध्याकाळ झाली की छातीत धडधडू लागे, घाम फुटे, आणि मुलगा केयूर कारखान्यातून घरी पोहोचेपर्यंत दुसरे काही सुचत नसे. आधी हृदयाची तपासणी झाली, मग थायरॉइडची, मग पोटाची. "काका, हार्ट तो घोडा जेवुं छे," असे म्हणत, हृदय घोड्यासारखे ठणठणीत असल्याची खात्री देऊन हृदयरोगतज्ज्ञांनी प्राचीचे नाव सांगितले. ते ऐकून जनार्दनरावांना अपमान झाल्यासारखे वाटले. महिनाभर ते गप्प बसले. मग एका रात्री जेवताना केयूरच म्हणाला, "बाबा, मीटिंग चालू असताना तुमचे फोनवर फोन. लोक हसतात मला. असंच चाललं तर मी शर्वरीला आणि अबोलीला घेऊन वेगळा राहीन." दुसऱ्या दिवशी सकाळी जनार्दनरावांनी स्वतःच प्राचीला फोन लावला.

"मग तुमचे वडील घरी येईपर्यंत आई काय करायच्या?" प्राचीने विचारले.

जनार्दनरावांचा चेहरा उजळला. रावपुऱ्यातली ती दोन खोल्यांची जागा त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. वडील कापडगिरणीत फिटर. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की साऱ्या आळीत शेगड्या पेटत. आई पोळ्या लाटत असे आणि लाटता लाटता गुणगुणत असे. तिचे गुणगुणणे दारापर्यंत ऐकू येई.

"आणि मला सांगायची, 'जनू, कोपऱ्यावर जा, आणि बाबा दिसले की पळत येऊन सांग.' माझं मोठं मानाचं काम होतं ते! सायकलींचा नुसता लोंढा यायचा हो. सगळ्यांचे कपडे सारखे, सगळ्यांच्या टोप्या सारख्या. त्यातून मी बाबांना लांबून ओळखायचो. 'आई, आले!' म्हणून ओरडत घरात शिरलो की ती चहाचं आधण ठेवायची. आल्याचा तो वास... आता तसं आलंसुद्धा मिळत नाही."

"हे काम कधीपासून तुमच्याकडे आलं?"

"शेजारचे सुभानराव गेले तेव्हापासून. गिरणीतच, यंत्राच्या पट्ट्यात सापडले. त्यांची बायको चहा करून वाट बघत बसली होती. दुसऱ्या दिवसापासून आई मला धाडायला लागली. पण तिच्या चेहऱ्यावर चिंतेची रेघ नाही कधी."

"तुम्ही केवढे होतात?"

"असेन सात-आठ वर्षांचा."

"आणि बाबा दिसेपर्यंत कोपऱ्यावर तुम्हाला काय व्हायचं, काका?"

जनार्दनराव खुर्चीत ताठ झाले.

"आईला नावं ठेवायची नाहीत हं," ते एकदम कठोर स्वरात म्हणाले.

"नाही ठेवत. मी त्या मुलाबद्दल विचारतेय."

आयुष्यभर त्यांनी इमारतींची गणिते मांडली होती. वरची तुळई निवांत दिसते, कारण तिचा भार खालच्या खांबावर उतरलेला असतो. तो नाहीसा होत नाही, कुठेतरी उतरतोच. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकलेली ही गोष्ट.

"धडधडायचं," ते हळूच म्हणाले. "अगदी असंच. आत्तासारखंच."

प्राचीने पाण्याचा पेला पुढे केला. निघताना तिने नेहमीचाच गृहपाठ दिला. केयूरला उशीर झाला तरी फोन करायचा नाही. धडधड वाढेल, वाढू द्यायची, आणि ती आपोआप उतरते का ते पाहायचे.

ते सुभानपुऱ्यातल्या आपल्या घरी पोहोचले तेव्हा दिवे लागले होते. केयूर अजून आला नव्हता. सून शर्वरी स्वयंपाकघरात होती. धडधड सुरू झाली. पण जनार्दनरावांनी फोन खिशातच राहू दिला. किती महिन्यांनी हे जमले होते! त्या आनंदात ते वाऱ्याला म्हणून गॅलरीत आले.

तिथे त्यांची सात वर्षांची नात अबोली स्टुलावर उभी होती. दोन्ही हातांनी तिने जाळी घट्ट धरली होती.

"पप्पांची गाडी अजून नाही दिसली, आजोबा," ती मागे न बघताच म्हणाली. "तुम्ही आत बसा. दिसली की मी पळत येऊन सांगते."

जनार्दनराव उंबऱ्यातच खिळले. 'अबोली, बघ गं जरा,' असे रोज ते किती सहज म्हणत आले होते! आज तर म्हणावेही लागले नव्हते.

त्यांनी तिला उचलून खाली ठेवले. गुडघे कुरकुरत असतानाही ते तिच्यापुढे उकिडवे बसले.

"आजपासून बघायचं नाही. पप्पा येतील तेव्हा येतील."

"पण तुम्हाला भीती वाटली तर?"

"वाटेल थोडी. माझी मी बघून घेईन. ते मोठ्या माणसांचं काम आहे."

खालच्या अंगणात मुलींचा दंगा चालला होता. अबोलीने आजोबांचा चेहरा नीट निरखला, वळून एकदा फाटकाकडे पाहिले आणि अगदी हलक्या आवाजात विचारले,

"म्हणजे आता मी खेळायला गेले तर चालेल?"