पाणघोडा हवेत अडकतो

सायकल चालवणारा पाणघोडा पुलाच्या मधोमध पुन्हा अडला. अर्धा सेकंद हवेत थांबला, गचका खाऊन पुढे सरकला, पुन्हा अडला.

"याला सायकल शिकवली कुणी?" बाबांनी विचारलं.

"मी," मुलगी म्हणाली. व्हिडिओ गेम बनवणं हा तिचा धंदा. आज तिने जेवणाच्या टेबलावर कन्सोल, दोन पडदे आणि वायरींचं जंजाळ मांडलं होतं.

बाबांचं खरं लक्ष घड्याळाकडे होतं. एसटी डेपोतला त्यांचा जुना ड्रायव्हर मित्र मोडीत निघालेली एक बस विकत घेऊन बसला होता. आत दोन बिछाने, एक शेगडी. उद्या सकाळी निघायचं, दोन महिने भटकायचं. येणार की नाही, ते आज बाराच्या आत कळवायचं होतं. बाबांना जायचं होतं. इतकं की त्यांनी दोनदा बॅग भरून दोनदा रिकामी केली होती. पण घराचं काय? तीस वर्षं ते डेपोत कंट्रोलर होते. सुटली का, पोचली का, हे त्यांनी विचारल्याशिवाय एक गाडी हलली नव्हती. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, प्रश्न घरी आले. दूध तापलं का? गॅस बंद केला का? कुलूप ओढून बघितलं का? एवढं सगळं दिवसातून चाळीस वेळा विचारणारा माणूस दोन महिने गेला, तर छप्पर जागेवर राहील याची हमी कोण देणार?

"बिघडलंय काय याचं?" त्यांनी विचारलं.

"तसं काहीच नाही. हे बघा. मुख्य प्रोसेसर यादी देतो. पूल काढ, पाणघोडा काढ, सायकल काढ. चित्रं काढायला ग्राफिक्स प्रोसेसर वेगळा आहे. त्याने यादी घ्यायची आणि काढत सुटायचं. पण आमचा मुख्य साहेब यादी देतो आणि दारातच उभा राहतो. झालं का? झालं का? चित्र पुरं होईपर्यंत पुढची यादी लिहायलाच घेत नाही. मग आधी हा खोळंबतो, नंतर तो खोळंबतो, आणि पाणघोडा हवेत."

"मग काय, विचारू पण नये?" बाबा दुखावले. "मुख्य आहे ना तो?"

"म्हणूनच त्याला दुसरी ढीगभर कामं आहेत."

"आणि चाक काढायचं राहिलं म्हणजे?"

"नाही राहत, बाबा. चित्रं काढणाऱ्याला तेवढंच येतं, पण ते झकास येतं."

"काम झाल्यावर सांगायला तरी येतो?"

"एक खूण करून ठेवतो. बघायची असेल त्याने बघावी."

"बघायची असेल त्याने!" बाबांनी दाद मागायला आईकडे बघितलं. आई खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. जरा जास्तच काहीही नव्हतं.

मुलीने दुसऱ्या पडद्यावर प्रोग्राममधली एक ओळ निवडली, खोडली, बटण दाबलं. पाणघोडा निघाला तो पूल ओलांडून, बाजारातून वाट काढत, थेट समुद्रापर्यंत. एकदाही पाय टेकला नाही.

"मधे कुणी काही विचारलं नाही?"

"कुणीही नाही."

बाबांनी चष्मा चढवला आणि त्या दुसऱ्या पडद्याला नाक लावलं. कंट्रोलरची खोड. कुठलाही कागद हातात आला की आधी सही बघायची, मग वेळ. या पडद्यावरही खोडलेल्या ओळीशेजारी बारीक अक्षरांत दोन्ही होतं. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली याची नोंद तिथे आपोआप होते, आणि ती झाकायचं पोरगी विसरली होती. थांबून थांबून 'झालं का' विचारायला लावणारी ती ओळ तिच्याच नावावर होती. तारीख आजची. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

म्हणजे कालपर्यंत पाणघोडा ठणठणीत होता.

बाबांनी वळून पाहिलं. आई एकाच चौकोनातलं एकच अक्षर तिसऱ्यांदा गिरवत होती.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. छान पळतोय."

ते फोन घेऊन गॅलरीत गेले. दार लोटलं, आवाज खाली आणला.

"येतो रे," ते मित्राला म्हणाले. "माझ्यावाचून इथे काही अडत नाही हे मला पटवायला पोरगी आज सातच्या आत उठली. दहाशिवाय डोळा न उघडणारी पोरगी! आता नाही आलो, तर बिचारी उद्या सहाला उठेल."