भाजीच्या कप्प्यातली बाटली

टिकली वरच राहिली होती आणि औषध पार खाली गेलं होतं.

किशनरावांच्या ओसरीवर उभी राहून सविता इन्सुलिनची बाटली उजेडात धरून बघत होती. सुई भरून झाली, की औषध जिथवर असेल तिथं ती बाहेरून टिकली चिकटवून ठेवायची.

"मालक, औषध कमी झाल्यावानी दिसायलंय."

"फ्रिजमधी आटतंय ते," किशनराव पेपरातून मान न काढता म्हणाले. "भाजी सुकत न्हाई का? तुला काय ठावं फ्रिजचं."

"असंल," सविता म्हणाली. तिनं सुई भरली, पदराखाली धरली आणि लेकीला टोचायला घराकडं गेली.

तिच्या रोहिणीला शुगर होती, लहान वयातली. सुई चुकली तर पोरगी जगणार नव्हती. पालमच्या सरकारी दवाखान्यात महिन्याला एक बाटली फुकट मिळायची, पण ती गार ठेवावी लागे आणि सविताच्या घरी फ्रिज नव्हता. किशनरावांनी मोठ्या मनानं भाजीच्या कप्प्यात जागा दिली होती. हे मोठं मन त्यांनी गावात कुणापासून लपवलं नाही. पाहुणा टेकला, की चहाच्या आधी ऐकवायचे, "एका लेकराचा जीव माझ्या फ्रिजमधी हाय." त्या बदल्यात सविता त्यांचं अंगण झाडायची. त्याला ते मोबदला मानत नसत, तिची कृतज्ञता मानत.

त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, ती बाटली तीन पिशव्यांत गुंडाळायला लावली होती, लोणच्याला लागू नये म्हणून. असल्या बाबतीत ते घर फार कडक. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत किशनराव हात जोडून सविताच्या दारात आले होते, तेव्हा तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. "आत्ताच पिऊन आलो," ते तांब्याकडं बघून म्हणाले. मत मात्र घेतलं.

औषध कुठं आटत होतं हे सांगायला नको. शुगर किशनरावांनाही होती. परभणीच्या डॉक्टरांनी हेच इन्सुलिन लिहून दिलं होतं. घरात फुकट असताना विकत आणायला ते काय वेडे होते? विटाळ बाटलीचा होता, औषधाचा नव्हता.

त्या महिन्यात बाटली लवकर संपली. रोहिणी शाळेत धापा टाकत खाली पडली. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेली म्हणून वाचली. राजेश्री नावाच्या नर्सनं आधी सविताला झापलं, मग जवळ बसवून बराच वेळ काहीबाही समजावलं. येताना सविता पालमला उतरली. दवाखान्यातून बाटली घेतली आणि उन्हाळा तोंडावर आला होता म्हणून बाजारातून एक लहान, एक मोठं अशी दोन गाडगी घेतली.

दुसऱ्या कुणी त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवला नसता. सविता मात्र सकाळीच बाटली घेऊन हजर. तिचा दीर धम्मदीप चिडला.

"वैनी, त्या माणसाच्या दारात कशाला जायलाव?"

"आपल्याकडं फ्रिज कुठाय, भावजी?"

अशा माणसांची आधी कीव येते, मग रागच येतो.

पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू झालं. झाडू, तीन पिशव्या, टिकली. बाटली आता जास्तच लवकर उतरायची आणि सविता त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. पण रोहिणी सुधारली, अंगानं भरली, शाळेत जाऊ लागली. त्याचंही श्रेय किशनरावांनी पाहुण्यांसमोर घेऊन टाकलं.

ते स्वतः मात्र वाळत चालले होते. घशाला कोरड, रात्रभर लघवीला उठणं, अंगठ्याची जखम काळी पडलेली.

"इन्सुलिन वेळेवर घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन टाइम," किशनराव म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. वाढीव मात्राही भाजीच्या कप्प्यातूनच आली.

एके दिवशी त्यांनी सविताला हळूच विचारलं, "तुझं औषध बरं निघालंय का गं या बारीला?"

"लेकीला तर लय गुण हाय, मालक. तुमच्या फ्रिजची पुण्याई."

किशनरावांना धीर आला. संध्याकाळी त्यांनी सुई जरा जास्तच भरली.

सविता अंगण झाडून, आपली सुई भरून घरी आली. मागच्या दारी जाऊन तिनं ती कढीपत्त्याच्या बुडाशी रिकामी केली. मग ओलं गोणपाट बाजूला सारलं. मोठ्या गाडग्यात ओली वाळू, वाळूत लहान गाडगं, आणि त्यात पालमहून आणलेली बाटली गारेगार होती. तिनं दुसरी सुई घेतली, त्या बाटलीतून भरली आणि रोहिणीला हाक मारली.

चुलीवर पाणी उकळत ठेवलेलं होतं. ते निवल्यावर फ्रिजमधली जुनी बाटली पुन्हा भरायची होती. तिच्या घरचं पाणी किशनराव आता रोज दोन टाइम घेत होते.