चाळीस दिवसांचा लेप

मेक्सिकोतल्या उरुआपनच्या बाजारात आई टोपली घेऊन अ‍ॅव्होकाडो विकायची. दोन दिवसांत फळं काळी पडायची आणि मग आठवडाभर आम्हीच ती खायचो. त्या काळ्या फळांपायी मी प्रयोगशाळेत अकरा वर्षं घालवली. शेवटी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा लेप तयार झाला. तो लावला की फळ चाळीस दिवस ताजं राहतं.

लेपाची कंपनी निघाली, चाललीही. काल आमचा शंभरावा कंटेनर जपानला गेला, म्हणून आईने घरी जेवण ठेवलं.

"मी मेल्यावर मलाही तुझा लेप लाव रे, एलेउतेरिओ," फाउस्तिनोमामा म्हणाला. "चाळीस दिवस टिकेन."

सगळे हसले. मी मक्याच्या तोर्तियाचा तुकडा ग्वाकामोलेत, म्हणजे अ‍ॅव्होकाडोच्या चटणीत, बुडवून तोंडात टाकला. चव वेगळीच लागली.

"आई, यात झुकिनी वाटलीयेस ना?"

"हो. मिरची-कोथिंबीर जरा जास्त घातली की कळत नाही कुणाला."

कोपऱ्यातल्या तिच्या टोपलीतही काकडीसारख्या हिरव्या झुकिनीच होत्या.

"आणि अ‍ॅव्होकाडो?"

 

"बागेतून थेट बंदरावर जातात, बाळा. टिकायला लागल्यापासून ते इथे थांबतच नाहीत."