ताईला ऐकू येणारे आवाज

डॉक्टर बागवानांनी हेरंबच्या कानात यंत्र बसवलं. शर्वाणीताईला आजारपणात जे आवाज ऐकू येत, ते आता त्यालाही ऐकू येणार होते. तिचा आजार कळल्यापासून त्याने आपल्या लेकीला तिच्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. "वेडाच्या भरात काय करेल, नेम नाही," असं तो म्हणायचा.

दवाखान्याच्या ओसरीवर ताई शांतपणे स्वेटर विणत होती. यंत्र सुरू झालं आणि हेरंब दचकला. "तू कुणालाच नको आहेस. निघून जा!" कुणीतरी सारखं खेकसत होतं. आवाज हुबेहूब त्याचाच होता.

"ताई, हे मी कधीच म्हणालो नाही गं!" तो कळवळला.

"ठाऊक आहे रे," विणता विणता ताई म्हणाली. "म्हणून तर तू आलास की मी तुझ्या ओठांकडे बघत राहते. ओठ हलले नाहीत, तर ते बोलणं तुझं नाही."

ती अशी टक लावून बघायची, त्याचीच तर त्याला भीती वाटायची.

खेकसणं चालूच होतं. हेरंबने यंत्र काढलं नाही. खुर्ची ओढून तो तिच्या अगदी समोर बसला आणि सावकाश म्हणाला, "ताई, घरी चल. तू आम्हाला हवी आहेस."

ताईच्या सुया थांबल्या.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.